रानफुलांच्या बियांचं पाकीट: १८ महिन्यांनंतर

पाकिटावर छापलंय, '७ ते १४ दिवसांत उगवण'. माझा सगळा राग या एका ओळीवर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

मिल्कवीड, एकिनेशिया, बाप्टिशिया, कार्डिनल फ्लॉवर असं मिश्र पाकीट. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रेमध्ये पेरलं. महिन्याभरात एकिनेशियाची सहा रोपं आली, बाकी काहीच नाही. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'पाणी जास्त झालं असेल.' मी रोज मातीत बोट घालून ओल बघते, त्यामुळे ते फार लागलं. तेव्हा एकच तारा दिला होता.

तो आता मागे घेतेय, कारण बी अस्सल होतं. ही मूळची उत्तर अमेरिकेतली झाडं. पिकून गळालेलं बी लगेच उगवलं तर थंडीत मरेल, म्हणून ते हिवाळाभर मातीत ओलं, गार राहून मगच जागं होतं. मिल्कवीडला असा गारवा साधारण ३० दिवस तरी द्यावा. बाप्टिशियाचं कवच टणक, पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवावं लागतं. कार्डिनल फ्लॉवरचं बी धुळीएवढं, त्याला उजेड हवा. मी त्यावर अर्धा इंच माती लोटली होती, ती चूक माझीच. पण यातलं एक अक्षर तरी पाकिटावर नको?

हे कळल्यावर जानेवारीत दुसरं पाकीट आणलं. कार्डिनलचं बी वेगळं काढलं, बाकीचं ओलसर वाळूत कालवून पिशवी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली. मार्चमध्ये उघडली तर मिल्कवीडच्या चपट्या, तपकिरी बियांच्या टोकातून तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोंब! मी ती पिशवी घरात सगळ्यांना दाखवत फिरले.

आणि मे महिन्यात पाहते तर भिंतीकडेला पडून राहिलेल्या पहिल्या ट्रेमध्येही मिल्कवीड दाटीवाटीने उगवलेलं. हिवाळाभर बाहेर राहून त्याचं काम आपसूक झालं होतं. म्हणजे दुसऱ्या पाकिटाचे पैसे त्या छापील ओळीपायी गेले. विक्रेत्याला पुन्हा लिहिलंय, उत्तर नाही.

जुलैत एकिनेशिया फुललं, मधमाश्या हटत नव्हत्या. मिल्कवीड अजून वीतभरच आहे, पहिल्या वर्षी ते मुळंच वाढवतं. वसंतात ते फार उशिरा डोकं वर काढतं, मेलं समजून उकरू नका.

बियांना साडेचार तारे, पाकिटाला एक. बाप्टिशियाची पाच रोपं जगली आहेत, फुलायला अजून दोनेक वर्षं लागतील. तेव्हा फोटो टाकेन.