पाण्याच्या पंपाचं 196 सीसी इंजिन गो-कार्टवर: पोळ्यापासून नवतप्यापर्यंतचा अनुभव (आणि 0.95 मिमीचं रडगाणं)

जाहिरातीत लिहिलं होतं, इंजिनाचा शाफ्ट 20 मिमी. हातात आला तो 19.05. बाकी इंजिनबद्दल पुढे चांगलंच लिहिणार आहे, पण आधी हे.

स्पेक सांगत बसत नाही. 68 बाय 54 चं बोअर-स्ट्रोक, होंडा जीएक्स 200 ची चिनी नक्कल, कार्टच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला पाठ असते. मी ते विक्रेत्याच्या 'रेस किट'सकट घेतलं: मोठा एअर फिल्टर, आखूड एक्झॉस्ट, कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा मोठा मेन जेट, गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढल्यावर उरणारं भोक बुजवायचा प्लग आणि वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रीफ्यूगल क्लच. सगळं मिळून अस्सल जीएक्सच्या निम्म्याहून कमी पैशात. पार्सल नेमकं मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपुरी मिरवणुकीच्या, दिवशी घरी आलं. ओळीओळीतून 'घेऊन जा गे मारबत' चालू होतं, तेव्हाच हा शाफ्टही देऊन टाकायला हवा होता.

19.05 म्हणजे पाऊण इंच. फरक 0.95 मिमीचा, वाचताना काहीच वाटत नाही. पण क्लचचं बोअर 20 आणि शाफ्ट पाऊण इंची, म्हणजे क्लच बोटांनी धरला तरी डुगडुगतो. पुढचं 12 दात्यांचं स्प्रॉकेट त्याच क्लचवर. ते मध्य सोडून फिरलं की चेन प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणते, एकदा लोंबते. 35 नंबरची चेन हे किती सोसणार? विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हर्नियर लावून. उत्तर आलं, 'थोडं ॲडजस्ट करून घ्या सर.' तीन हजार सहाशे आरपीएमवर फिरणाऱ्या वस्तूत ॲडजस्ट काय करायचं असतं, हे त्यानं सांगितलं नाही.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत खरादवाल्याकडे गेलो. त्यानं व्हर्नियर काढायच्या आधी नुसतं अंगठ्यानं चाचपून सांगितलं, 'भाऊ, हा सहा सुती आहे. वीसचा कोण म्हणून राहिला?' सहा सुती म्हणजे पाऊण इंचीच. मधली फट भरायला स्लीव्ह, म्हणजे नळी, करून दे म्हटलं. तो हसला. हिशोब तुम्हीच करा: स्लीव्हची भिंत येते अर्ध्या मिमीहूनही कमी, नेमकी 0.475, आणि त्यातही कीवेसाठी (शाफ्टला क्लच अडकवणाऱ्या किल्लीच्या खाचेसाठी) आरपार चीर पाडायची. 'ही स्लीव्ह नाही होऊन राहिली, पत्रा होऊन राहिला.' तरी पितळेची करून दिली बिचाऱ्यानं, पैसेही बेताचेच घेतले. थोडे दिवस टिकली. मग क्लचखाली पितळेची भुकटी दिसायला लागली आणि एका रविवारी चेन उतरून क्रँककेसच्या ॲल्युमिनियमवर घासली. तो ओरखडा अजून आहे.

यानंतरचं भांडण वॉरंटीचं. विक्रेत्याचं उत्तर: 'गव्हर्नर काढलेला आहे, वॉरंटी लागू नाही.' गव्हर्नरच्या भोकाचा प्लग त्यांनीच दिलेला, बिलावर 'रेस किट' त्यांनीच छापलेलं. फोन, मेसेज, पुन्हा फोन. शेवटी पुढच्या खरेदीवर तीनशे रुपयांची सूट असं कूपन मिळालं.

आता इंजिनकडे येतो.

ज्यांना पंपाचं इंजिन कार्टला लावणं कमीपणाचं वाटतं त्यांच्यासाठी: 1956 मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं पहिली कार्ट बनवली, ती गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावरच. रोटॅक्सच्या खास कार्टसाठी बनणाऱ्या 125 टू-स्ट्रोकशी याची बरोबरी करूच नका. तो खर्च वेगळा आणि तो नादही वेगळा.

विक्रेते साडेसहा-सात एचपी छापतात. होंडा स्वतःच्या जीएक्स 200 ला 3600 वर साडेपाच म्हणते, तोच आकडा धरून चाला. मजा टॉर्कची, म्हणजे फिरवायच्या जोराची आहे. अडीच हजारावरच तो जोर पूर्ण मिळतो, त्यामुळे गोदामाच्या अंगणासारख्या लहान जागेत वळणातून बाहेर पडताना हे इंजिन खूप आनंद देतं. माझी मागची चकती 60 दात्यांची, म्हणजे गुणोत्तर 5. 11 इंची टायरवर 3600 ला ताशी 38 किमी होतात. गव्हर्नर काढून 5000 पर्यंत नेलं की 53. कागदावर एवढंच, पण जमिनीपासून दीड-दोन इंचांवर बसून 53 पुरतात.

त्यापुढे मी जात नाही, थ्रॉटलला स्टॉप लावला आहे. भाच्याच्या कॉलेजातली पोरं सात हजार आरपीएमच्या गोष्टी करतात. फ्लायव्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो: 3600 चे 5400 केले तर सव्वादोनपट. मूळ फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं आणि ते ड्रायव्हरच्या कमरेजवळ फिरतं. कनेक्टिंग रॉडही ओतीव ॲल्युमिनियमचा. बिलेटचं (ओतीव नव्हे, सबंध ठोकळ्यातून कापलेलं) फ्लायव्हील आणि बिलेटचा रॉड मागवा, कडक व्हॉल्व स्प्रिंग टाका, मग खुशाल जा. मात्र तेवढ्या पैशात दुसरं इंजिन येतं, आणि माझा हात तिथेच थांबतो.

इथपर्यंतचं थंडीतच लिहून ठेवलं होतं. त्यात पुढे एक जळजळीत परिच्छेद होता: जोरात वळलं की इंजिन मधेच बंद पडतं, वळण सरळ झालं की पुन्हा पकडतं, दर्जा भंगार. तो कापला आहे, कारण असं.

विक्रेत्याचं म्हणणं होतं कार्बोरेटर साफ करा. केला. काही फरक नाही. मग कॉटन मार्केटकडे पॉवर वीडर दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाला दाखवलं. कार्ट त्यानं जन्मात पाहिली नव्हती. लक्षण ऐकलं, खाली वाकला, क्रँककेसमधून येणाऱ्या पिवळ्या वायरचा जोड सुटा केला आणि म्हणाला, 'आता फिरवून या.' बंद पडणं गेलं! ती ऑइल सेन्सरची वायर. आत तेल 600 मिली, वळणावर ते एका बाजूला चढतं, फ्लोट खाली पडतो आणि सेन्सर स्पार्क तोडतो. शेतात तेल कमी पडलं तर इंजिन वाचवायची सोय आहे ही. उस्तादानं चहाचेही पैसे घेतले नाहीत, उलट दम दिला: 'आता तेल तुम्ही पाहायचं, मशीन नाही पाहणार.' बरोबरच आहे. याला ऑइल पंप नाही, रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते तेवढंच वंगण. तेव्हापासून प्रत्येक वेळी कार्ट मैदानात उतरवण्याआधी तेल तोंडापर्यंत भरलेलं आहे ना ते पाहतो.

इंजिन भंगार नाही. जाहिरात लिहिणारा भंगार आहे.

जेटबद्दल नागपूरकरांसाठी थोडं. किटचा मोठा जेट डिसेंबरच्या सकाळी झकास चालला, स्पार्क प्लग छान बदामी. मेमध्ये तोच प्लग काजळी धरायला लागला. दहा अंशांची हवा आणि पंचेचाळीस अंशांची हवा यांच्या घनतेत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो, म्हणजे उन्हाळ्यात तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी. पंपावरचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल उलट मिश्रण पातळ करतं, त्यामुळे मामला थोडा सावरतो, पण मेअखेरच्या नवतप्यात पुरेसा नाही. मी मूळ जेट परत बसवला. गाडी उभी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझू द्या. पावसाळ्यात इथेनॉल ओल धरतं आणि फ्लोटच्या वाटीत हिरवट-पांढरा बुरशीसारखा थर बसतो, तो खरवडताना जीव जातो.

व्हॉल्वचं क्लिअरन्स थंड इंजिनवर इनटेक 0.15, एक्झॉस्ट 0.20. माझं घरी आलं तेव्हा एक्झॉस्टचं फारच घट्ट होतं, तेव्हा पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी पाहा. कॉइल आणि फ्लायव्हीलमधल्या फटीला साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं.

आणि क्लच. शेवटी सहा सुती बोअरचा वेगळा क्लच घेतला, दुसऱ्याकडून. शाफ्टवर सरकवला तेव्हा आधी अडला, मग तेलाच्या थेंबानं सर्रकन बसला, डुगडुग शून्य. चेन तेव्हापासून उतरलेली नाही, आणि इतके महिने जी थरथर इंजिनची समजत होतो ती गेली. म्हणजे तो सगळा मनस्ताप त्या 0.95 मिमीचा. क्लचच्या वाटीतल्या बुशला दर वेळी एक थेंब तेल द्या. जास्त दिलं तर क्लचचे शूज (आतून पकडणारे तुकडे) घसरतात.

घ्यायचं का? इंजिन घ्या. किटमधला क्लच काढून तेवढे पैसे कमी करा म्हणून घासाघीस करा. ऑर्डर देण्याआधी शाफ्टवर व्हर्नियर लावलेला फोटो मागा, 'ट्वेंटी एमएम है सर' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

कूपन वाया जाऊ दिलं नाही. त्यावर दोन स्पार्क प्लग मागवले, बीपीआर 6 ईएस. आलेत बरोबर तेच, सूट मात्र डिलिव्हरी चार्जमध्ये गेली.