मालवणची घरगुती खानावळ: आधी फळा वाचा, मग थाळी सांगा

मालवणच्या बाजारपेठेपासून तारकर्ली-देवबागपर्यंत आणि खाली वेंगुर्ल्याकडेही, घराच्या पडवीत चार-सहा टेबलं टाकून चालवलेल्या खानावळी भरपूर आहेत. रांधप घरातल्या बायकांचं, मासे आणणारा घरचाच कोणीतरी, आणि दाराशी खडूने लिहिलेला त्या दिवशीचा फळा. हे परीक्षण एका खानावळीचं नाही. या सगळ्या खानावळींत जे ताट मिळतं, त्याचं आहे. निवाडा आधीच सांगतो: मालवणी माणूस समजून घ्यायचा असेल तर किल्ल्याला जेवढा वेळ देता तेवढा या ताटालाही द्या, आणि फळ्यावरची सर्वांत महाग थाळी मागवू नका.

सर्वांत महाग म्हणजे सुरमई किंवा पापलेट. इथल्या बोलीत इसवण आणि सरंगा. दोन्ही उत्तम मासे, पण पर्यटक तेच मागतो म्हणून ते बारमाही ठेवावे लागतात, आणि बारमाही ठेवायचे म्हणजे बर्फ आला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत ताटात आलेली इसवण बहुधा शीतगृहातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची. ती वाईटच असेल असं नाही, पण तिच्यात मालवण शोधू नये. त्या दिवसांत घराघरांत सुकं खारं (मीठ लावून वाळवलेली मासळी), खाडीतले मासे आणि शिंपल्या शिजतात. सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर, सुकटीची चटणी ओल्या खोबऱ्यात, सोडे (सुकी कोळंबी) घातलेलं वांगं. फळ्यावर हे नसलं तरी विचारावं. घरच्यांसाठी केलेलं असतंच, आणि बहुतेक ठिकाणी आनंदाने वाढतात.

पाऊस सरल्यावर, समुद्र निवळला की रापणीचा हंगाम. किनाऱ्यावरून दोर ओढून काढायच्या या जाळ्यात बांगडा, तारली, पेडवे असे थव्याने फिरणारे मासे जास्त येतात, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. म्हणून हे मासे मालवणी घरांच्या रोजच्या जेवणातले, आणि खानावळीची खरी परीक्षाही त्यांच्यावरच होते. आत गेल्यावर ‘वयनी, आज ताजा काय गावला?’ एवढंच विचारावं. उत्तरात बांगडा, पेडवे, मुडदुशे असं काही आलं तर तेच सांगावं. थाळी बरीच स्वस्तही पडते.

आता कढी. इथे माशाच्या कालवणाला कढी किंवा सार म्हणतात, आणि बांगड्या-तारलीची कढी तिरफळाशिवाय (वाळवलेलं, वासाचं रानफळ) होत नाही. अर्धा किलो बांगड्याला साधारण अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, भिजवलेल्या ७-८ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि लहानसा कांदा. हे वाटण कच्चंच, आणि गंधासारखं बारीक. आधी वाटण पाण्यात ५-६ मिनिटं उकळायचं, मग मासे, ४-५ सोलं (कोकमाची सुकवलेली सालं) आणि ८-१० तिरफळं, पुढे जेमतेम ७ मिनिटं. डाव फिरवायचा नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर बांगडा मोडतो. शेवटी कच्चं खोबरेल वरून चमचाभर. फोडणी नाही.

तिरफळ नुसतं ठेचून घालतात. वाटणात गेलं तर कढी कडू होते. आतली काळी बी राहिली तरी कडवट आणि कचकचीत लागतं, म्हणून फक्त टरफलं वापरतात. ताटात तिरफळ दिसलं की बाजूला काढायचं, चावायचं नाही. त्याचा वास लिंबाच्या सालीच्या जवळचा, आणि जिभेवर हलकी झिणझिण येते. तेलकट माशाचा उग्रपणा त्याने मोडतो. सरंग्याच्या किंवा कोळंबीच्या कढीत तिरफळ सापडलं, तर एकच मोठं पातेलं करून सगळ्या थाळ्यांना वाढलंय असं समजावं.

या झिणझिणीशी जोडलेली एक गोष्ट जपून लक्षात ठेवावी. तिरफळ नसलेल्या, नुसत्या तळलेल्या बांगड्याने जीभ मिरमिरली तर तो मासा तिथेच थांबवा. बांगडा, तारली, कुपा असे मासे बर्फाविना तासन्‌तास राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा उकळून जात नाही, आणि थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी, उलटी असा त्रास होतो. वासाने ते नेहमी कळतंच असंही नाही.

तळलेल्या तुकडीवर रव्याचं चिलखत जाड असेल तर संशय घ्यावा. चांगल्या ठिकाणी तुकडी दीड सेंटिमीटरच्या आसपास जाडीची असते. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि मसाला लावून १५-२० मिनिटं ठेवतात. जास्त ठेवली तर मीठ पाणी ओढून घेतं आणि मासा कोरडा होतो. मग तांदळाच्या पिठात किंवा रव्यात हलकी घोळवून तव्यावर थोड्या तेलात, एकदाच उलटून. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तुकड्या आधीच कढईत तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तेलात सोडतात. कडा चामट लागल्या की हेच घडलंय. तेव्हा कढी-भातावर समाधान मानावं.

या खानावळींतला सर्वांत मोठा दोष मात्र वेगळाच आहे: सगळ्या वाट्यांची एकच चव. माशाची कढी कच्च्या ओल्या खोबऱ्याची, तर कोंबडीचा रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा. कोंबडीला मालवणी मसाला लागतो, बांगड्याच्या कढीला गरम मसाला बिलकूल नको. हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वर्षाचा करून ठेवतात. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी, धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायफळ, हळकुंड, हिंग, सगळं वेगवेगळं भाजून कुटलेलं. पावसाआधी नीट वाळला नाही तर बुरशी धरतो. तो सढळ हाताने सगळीकडे टाकला की कढी, रस्सा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सगळं लालभडक आणि सारखं. पर्यटकाला ‘झणझणीत’ हवं असतं म्हणून हे होतं. मालवणी जेवण मुळात एवढं जाळणारं नाही, खोबऱ्याने त्याची धार उतरलेली असते.

कोंबडीबरोबरचे वडे सांगायचे तर आदल्या रात्री फोन करावा. जाडसर दळलेलं पीठ हवं. चार वाट्या जाड्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, दोन मोठे चमचे धणे आणि चमचाभर मेथी हे चांगलं प्रमाण. गरम पाण्यात भिजवून निदान ३-४ तास झाकून ठेवायचं, हाताने थापायचं, कडकडीत तेलात सोडायचं. पीठ मैद्यासारखं बारीक असलं तर वडा पापडासारखा कडक होतो, सैल भिजवलं तर तेल पितो, आयत्या वेळी भिजवलं तर फुगत नाही. पुरीसारखा पांढरट, गुळगुळीत वडा आला तर पिठात गहू किंवा मैदा जास्त आहे. हेच वडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर सणालाही असतात आणि पितृपक्षातल्या म्हाळालाही (श्राद्धालाही). कोंबडी-वडे तेवढे ‘मालवणी’ म्हणून गाजले, पण वडे-सांबारं इथल्या घरांत जास्त खोलवर रुजलेलं आहे. फळ्यावर दिसलं तर सोडू नका.

शाकाहारी थाळीला इथे दुय्यम समजतात ते बाहेरचे लोक. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण, या दिवसांत कित्येक घरांत मासळी शिवत नाहीत. खानावळ चालू असते, पण रांधणारी स्वतः उपासाची असेल तर ती कढीची चव बघत नाही, मिठाचा अंदाज हातावरच. त्या दिवशी घरचं शाकाहारी जेवण मागावं, कारण घरचेही तेच जेवणार असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी. पहिल्या पावसानंतर टाकळा ही रानभाजी. गोकुळाष्टमीला शेगलाची (शेवग्याच्या पाल्याची) भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. गणपतीत खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण), ज्यात पुन्हा तिरफळ येतं. आणि त्याच गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या काही समाजांत गौरीला मात्र तिखटाचा, म्हणजे मटण-माशांचा नैवेद्य असतो. कोणत्या दिवशी कोण काय खातं, आणि देवालाही काय चालतं, हे कळलं की खानावळीच्या फळ्यावरच्या रिकाम्या जागाही वाचता येतात.

भात उकडा आहे का, हे विचारावंच. न विचारता पांढरा तुकडा-कोलम येतो, कारण लालसर, जाड दाण्याचा भात पाहुण्याला आवडत नाही असा समज पक्का झालाय. उकडा तांदूळ म्हणजे शेतातलं भात सालासकट उकडून, वाळवून मग काढलेला. शिजायला पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि पाणी भरपूर. पण कढी त्यावर जशी बसते तशी पांढऱ्यावर नाही. सकाळी आठच्या सुमारास गेलात तर त्याचीच पेज मिळेल, वर मीठ आणि शेजारी खारं किंवा लोणचं.

सोलकढी शेवटी, भातावर. तिचा ग्लास सुरुवातीलाच आणून ठेवतात, तो अर्धा तरी राखून ठेवा. एका नारळाचं दाट आणि पातळ मिळून तीन कप दूध, १०-१२ सोलं अर्धा तास भिजवून कोळलेली किंवा दोन-तीन मोठे चमचे आगळ, तीन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. गरम केली तर फुटते. चार-पाच तासांनी आंबूस होते, फ्रिजमध्ये ठेवली तर वर खोबऱ्याच्या स्निग्धाचे कण गोठतात. रंग फिकट जांभळट-गुलाबी असावा. लग्नातल्या सरबतासारखा गडद गुलाबी असेल तर रंग किंवा बीट घातलंय. नारळाचं दूध नसलेली, कोकमाच्या पाण्याची ती तिवळ. जड जेवणावर तीही उत्तम, आणि फार कमी ठिकाणी आपणहून देतात.

तिसऱ्यांची एकशिपी (एका शिंपेसकट केलेल्या तिसऱ्या) करायची तर त्या मिठाच्या पाण्यात दोन तास तरी ठेवलेल्या हव्यात. पहिल्याच घासात वाळू लागली तर वाटी परत करायला संकोच नको.

वेळ दुपारी साडेबारा ते दीड. कढी तेव्हा एकदाच उकळलेली असते. रात्री तीच तिसऱ्यांदा तापवली जाते, सोलं जास्त उतरून ती काळपट आणि आंबट होते. रात्रीच जायचं असेल तर कढीऐवजी तिखलं (माशाचं दाट, तिखट कालवण) किंवा सुकं सांगावं, आणि भाकरी. निघताना बऱ्याच खानावळींत सोलं, आगळ, मसाला विकायला असतो. सोलं घ्यायची तर मऊ, काळपट-जांभळी आणि बोटाला चिकटणारी. कडकडीत सुकलेली आणि वर मिठाचे पांढरे खडे दिसणारी जुनी असतात. आगळाच्या बाटलीवर साखर लिहिलेली असेल तर ते सरबत आहे, त्याची सोलकढी होणार नाही.