यात करायचं काय असतं? स्टीमवरच्या पाच चित्रांची परीक्षा

पहिला नंबर बॅलाट्रो या खेळाच्या चित्राला. आधीच सांगून टाकतो, कारण भाचीला ते मान्य नाही आणि ती हे वाचणार आहे.

मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका छापखान्यात द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या पेट्यांची डिझाइनं करतो. गेमचा माझा अनुभव विचाराल तर शाळेत असताना शालिमारच्या बाजारात मिळायच्या त्या '९९९९ इन १' व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजपुरता. स्टिकरवर हेलिकॉप्टर, वाघ, तलवारवाला, काय वाट्टेल ते; आत तेच वीसेक खेळ नावं बदलून फिरून फिरून यायचे. भाची गंगापूर रोडला राहते, इंजिनिअरिंगला आहे, आणि तिच्या लॅपटॉपवर अभ्यासापेक्षा स्टीम, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं ऑनलाइन दुकान, जास्त उघडं असतं. "मामा, तू पेट्या करतोस ना, मग यातलं चांगलं चित्र कुठलं ते सांग," असं तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलं कशासाठी? भिंतीवर लावायला की विकायला?

विकायला असेल तर माझा प्रश्न एकच. चित्र बघून परक्या माणसाला कळतं का, की या खेळात करायचं काय असतं? नायक कोण, राज्य कुठलं, राक्षस किती मोठा, हे नंतर. पत्ते लावायचे, गाडी हाकायची, उड्या मारायच्या, की नुसतं वाचत बसायचं? खेळाचा प्रकार म्हणतात तो यातच असतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत फोनवर एकेक चित्र काढून छापखान्यातल्या मंडळींपुढे धरलं. त्यांच्यातलं कोणीही गेम खेळणारं नाही, हे उत्तमच.

आकाराचं गणित आधी समजून घ्या. स्टीमवर एकाच खेळाची चित्रं कितीतरी मापांत द्यावी लागतात. लायब्ररीतलं, म्हणजे आपण घेतलेल्या खेळांच्या यादीतलं, उभं चित्र ६०० बाय ९०० पिक्सेलचं. शोधयादीत दिसतं ते छोटं चित्र ४६२ बाय १७४ चं, आणि त्यातूनही आणखी बारीक रूपं काढली जातात. एवढ्याशा पट्टीत सैन्य, किल्ला, वीज, ड्रॅगन सगळं कोंबलं की चिखल होतो. म्हणून स्टीम स्वतःच सांगतं की छोट्या चित्रात नावाच्या अक्षरांनीच जवळपास सगळी जागा भरू द्या. म्हणजे खेळाचा प्रकार सांगायचं काम शेवटी अक्षरांवर येऊन पडतं.

बॅलाट्रोने नेमकं हेच ओळखलंय. लाल आणि निळा रंग एकमेकांत घोटलेला, जाड पिक्सेलची अक्षरं आणि त्या अक्षरांच्या मधोमध इस्पिकचा एक्का. पत्ता नावातच बसवलेला असल्यामुळे चित्र कितीही लहान करा, तो शाबूत राहतो. आमच्या मशीनवाल्याने फोन हातातही न घेता सांगितलं, "रमी." दुसरा म्हणाला, "तीन पत्ती." दोघंही चुकले, पण पत्त्यांच्या टेबलापर्यंत तर पोहोचले! बाकीच्या बहुतेक चित्रांना तेवढंही जमलं नाही.

भाचीचं म्हणणं असं, की हा पत्त्यांचा खेळ नव्हेच. पोकरचे हात लावायचे हे खरं, पण खरी गंमत जोकरांत आहे. असे दीडशे जोकर आहेत आणि प्रत्येक जण हिशोबाचा नियम आपापल्या परीने वाकवतो. चढत्या आकड्यांचे टप्पे पार करायचे, हरलात की पहिल्यापासून सुरू, आणि दर वेळी हाताला वेगळे जोकर. तिच्या भाषेत रोगलाइक डेकबिल्डर. ते चित्रात कुठे दिसतं, असा तिचा सवाल. बिनतोड वाटतो, पण मला पूर्ण पटत नाही. पैसे लावायच्या रमीच्या जाहिराती आपण रोज बघतो. त्यात हिरवं कापड असतं, नाण्यांचा ढीग असतो, जिंकलेला माणूस दात काढून हसत असतो. इथे यातलं काहीच नाही. घुसळलेला रंग मात्र बजावतो की या टेबलावर काहीतरी बिघडलंय. तेवढी कुजबुज मला पुरते. उरलेलं सांगायला दुकानाच्या पानावर खाली स्क्रीनशॉट आहेतच.

शिवाय आमच्या मशीनवाल्याला हसण्यात अर्थ नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला हा खेळ आला आणि युरोपात खेळांना वयोगट देणाऱ्या पेगी या संस्थेने आधी ३ वर्षांवरच्यांना चालेल असं ठरवलेलं थेट १८ वर नेलं. कारण काय, तर जुगाराची चित्रं. आत खरा एक पैसा लावायची सोय नाही. काही देशांत तो काही काळ दुकानातून उतरवला गेला, आणि अपील होऊन २०२५ च्या फेब्रुवारीत वयोगट १२ वर आला. पत्ता म्हणजे जुगार हे समीकरण माणसाच्या डोक्यात किती घट्ट बसलंय बघा. चित्रकाराने पत्ता काढला की त्याच्यामागून ही सगळी वरात येतेच, आणि ती आवरायची कशी हाही त्याच्याच कामाचा भाग. दहापैकी नऊ.

युरो ट्रक सिम्युलेटर २ बद्दल फार बोलण्यासारखं नाही. नाव अंगठ्याखाली झाकलं, तरी द्वारका चौकातून रोज येणाऱ्या आमच्या पॅकिंगवाल्याने क्षणात सांगितलं, "ट्रक चालवायचा." शर्यत नाही का, असं मी मुद्दाम विचारलं. "छे, माल पोचवायचाय." २०१२ चा, प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा हा खेळ, आणि त्यात खरोखर तेच करायचं असतं. पुढे गॅरेज घ्यायची, ड्रायव्हर ठेवायचे, कंपनी वाढवायची, हे चित्रात नाही. नसेना का. आठ.

हॉलो नाइट बघून मात्र सगळे गप्प. पांढऱ्या मुखवट्याचा, शिंगवाला, बारका जीव, भोवती काळोख. "लहान मुलांचं कार्टून?" "भुताचं काहीतरी?" करायचं काय, हे कुणालाच सांगता येईना. हा २०१७ चा खेळ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा. बाजूने दिसणारं जग, उड्या, टोकदार खिळ्याने मारामारी, आणि वाटा शोधत नकाशा भरत जायचा. त्यातली शोधाशोध चित्रात शून्य. माझ्या कसोटीवर हा नापास.

पण एका गोष्टीसाठी मी त्याला उठून दाद देईन. बाहेरची रेष आणि आतली रेष एकाच हाताची आहे. जे दिसतं तेच खेळताना मिळतं. टीव्हीला जोडायच्या अटारी २६०० या जुन्या गेम मशीनच्या जमान्यात खोक्यावर रंगवलेली झकास चित्रं असायची आणि टीव्हीवर चार चौकोन सरकायचे. तेव्हा मशीनचीच ताकद तेवढी, दोष कुणाला देणार? आता तसं नाही. तरी कितीतरी खेळ बाहेर चकचकीत तैलचित्र लावतात आणि आत वेगळंच काढतात. यापेक्षा अजब नमुना भाचीने दाखवला. फॅलँक्स नावाचा अंतराळयानाचा गोळीबाराचा खेळ, आणि त्याच्या अमेरिकेतल्या, सुपर निन्टेंडो या गेम मशीनसाठीच्या खोक्यावर दाढीवाला म्हातारा बँजो वाजवतोय! यान आहे, मागे, बारीकसं. गर्दीत नजर थांबावी म्हणून केलेलं असणार. थांबली खरी, पण त्या नजरेला काय कळलं?

डोकी डोकी लिटरेचर क्लब तर ठरवून फसवतो. गुलाबी रंग, शाळेच्या गणवेशातल्या चार मुली, कविता मंडळाचा गोड खेळ वाटावा असं सगळं. २०१७ चा हा फुकट खेळ आतून मानसिक भयकथा आहे. काळ्या द्राक्षाचा घड छापलेल्या पेटीत मी हिरवी थॉमसन द्राक्षं भरून पाठवली असती, तर वाशीच्या मार्केटातून संध्याकाळच्या आत फोन आला असता. इथे फोन येत नाही, कारण दुकानाच्या पानावर लिहिलेलंच आहे की हा खेळ मुलांसाठी किंवा सहज विचलित होणाऱ्यांसाठी नाही. चित्र खोटं बोलतं आणि खालची ओळ खरं बोलते. फसवणूक हाच ज्या खेळाचा गाभा, त्याच्या चित्राला गुण कसे द्यायचे हे मला उमगलेलं नाही, म्हणून देत नाही. भाचीच्या मते दहापैकी दहा. तिने तो रात्री एकटीने खेळला होता.

आता राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला. घरचा म्हणून जरा जास्तच निरखून पाहिला. शस्त्र घेतलेली मुलगी पाहून आमच्याकडे सगळे एका सुरात म्हणाले, "देवीचं काहीतरी." गोष्टीच्या अंगाने अगदी बरोबर. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली ही मुलगी, आणि तिला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो. मारामारी आहे हेही कळलं. पण खेळताना कॅमेरा बराच लांब राहतो, राजी पडद्यावर छोटी दिसते, आणि भिंतींवरून धावणं, खांबांवर चढणं यात निम्मी मजा आहे. चित्र बघून असं वाटतं की तिच्या खांद्यामागे उभं राहून लढायचंय. सहा गुण, आणि त्यातला एक आपुलकीचा, असं भाचीला वाटतं.

मला विचारलं असतं तर मोठ्या चित्रात मी राजीला लहान केलं असतं, भिंतीवर धावताना, आणि वास्तू मोठी. छोट्या पट्टीत मुलगी काढलीच नसती. अक्षरांतल्या एखाद्या उभ्या दांड्याचा त्रिशूळ केला असता. नाशकात कुणी खेळ बनवत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमवर या चित्रांत खेळाचं नाव आणि उपनाव सोडून मजकूर चालत नाही. कौतुकाची वाक्यं, तारे, पारितोषिकांची चिन्हं, सवलतीचे आकडे, सगळं बंद. पेटीवर 'एक्स्पोर्ट क्वालिटी' ठोकून मोकळं व्हायची मला तरी सोय आहे, तुम्हाला तीही नाही.