गांजाची तलफ स्पॅनिशमधे मोजायची, तर कुठला फॉर्म घ्यायचा?

आपल्याकडे 'तलफ' म्हटलं की विषय संपला, चहाची असो की तंबाखूची. स्पॅनिशमधे तेवढं सोपं नाहीये. 'गानास' म्हणजे साधी इच्छा, ती जेवणाचीही असते, 'आन्सिया' म्हटलं की समोरच्याला घालमेल वाटते, आणि स्पेनमधे 'मोनो' म्हणजे शब्दशः माकड, पण अर्थ मुख्यतः नशा बंद केल्यावर होणारा त्रास. म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्यांवर थीसिस करणार असाल तर प्रश्न किती आहेत ते नंतर बघा, शब्द कुठले वापरलेत ते आधी बघा.

पर्याय मुख्य दोनच. एक म्हणजे मारिवाना क्रेव्हिंग क्वेश्चनेअर, म्हणजे गांजाच्या तलफेची प्रश्नावली. 2001 मधे अमेरिकेत आला तेव्हा 47 प्रश्नांचा होता (एवढं भरेपर्यंत माणसाची तलफच बदलायची!), मग 2009 मधे 12 प्रश्नांचं छोटं रूप आलं. प्रत्येक वाक्याला 'अजिबात नाही' ते 'पूर्ण सहमत' अशा 7 पायऱ्या, आणि विचारायचं ते 'आत्ता या क्षणी' काय वाटतंय तेच. यातली मजा म्हणजे तलफेचे चार भाग वेगळे निघतात, ताबा सुटणं, वाईट मूडमधून सुटका हवी असणं, मजा येईल ही अपेक्षा, आणि ओढायचा चक्क प्लॅन करणं. आता एक जण टेन्शनमुळे ओढतो, दुसरा शुक्रवारी मित्रांसोबत, दोघांची बेरीज सारखी आली तरी उपचार सारखे कसे असतील?

दुसरी म्हणजे 100 मिलिमीटरची रेघ, एका टोकाला 'बिलकुल नाही', दुसऱ्या टोकाला 'प्रचंड', खूण करा आणि मोकळे व्हा. मोबाईलवर दिवसातून पाच वेळा विचारायचं असेल तर हीच, 12 प्रश्न पाच वेळा कोण भरणार. पण तलफ का आली ते रेघ सांगत नाही, आणि सगळा भार त्या एका शब्दावर, तो चुकला की आकडा वाया.

कुडिट (CUDIT) आणि कास्ट (CAST) या गांजाच्या वापरावरच्या प्रश्नावल्या यात धरू नका. त्या मागच्या 6 किंवा 12 महिन्यांतला वापर आणि त्याचे त्रास विचारतात, तलफेचा प्रश्नच नाही. तलफ 2013 च्या डीएसएम-5 मधे (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) व्यसनाच्या 11 निकषांपैकी एक झाली, पण तिथे उत्तर हो किंवा नाही एवढंच.

माझं मत विचाराल तर क्लिनिकमधे किंवा एकदाच भेटणार असाल तर 12 वाला, डोळे झाकून. फक्त माद्रिदसाठी केलेलं भाषांतर उचलून मेक्सिकोत वाटू नका, तिकडे गांजाला किंवा त्याच्या सिगरेटीला म्हणतात 'मोता', अर्जेंटिनात 'फासो', स्पेनमधे 'पोरो'. आणि स्पेनमधे तर हशीश बहुतेक तंबाखूत मिसळूनच ओढतात, त्यामुळे शेवटची सिगरेट कधी ओढली तेही विचारून ठेवा, नाहीतर निकोटिनची तलफ गांजाच्या खात्यात जमा होते.