‘हाउंड्स ऑफ लव्ह’ची एलपी : आठ महिन्यांनंतर, मुख्यतः दुसऱ्या बाजूविषयी

ब्रिटिश गायिका केट बुश यांच्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ या १९८५ सालच्या अल्बमची एलपी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणारी मोठी तबकडी, मी आठ महिन्यांपूर्वी घेतली, तेव्हा खरे सांगायचे तर मला तिच्यातले एकच गाणे हवे होते. ‘रनिंग अप दॅट हिल’ हे ते गाणे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ते २०२२ मध्ये पुन्हा घरोघरी पोहोचले आणि पहिल्या प्रकाशनानंतर ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ साली ते तिसऱ्या क्रमांकावरच थांबले होते. पहिले दोन महिने मी फक्त पहिली बाजू वाजवली. आता मात्र पहिली बाजू महिन्यातून एखाद्या वेळी आणि दुसरी आठवड्यातून निदान दोनदा लागते. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पहिल्या बाजूवर पाच स्वतंत्र गाणी आहेत. ‘रनिंग अप दॅट हिल’मध्ये स्त्री आणि पुरुष देवाशी करार करून आपापल्या जागांची अदलाबदल करू पाहतात, म्हणजे एकमेकांना एकमेकांचे दुखणे कळेल. मूळ शीर्षक ‘अ डील विथ गॉड’ असेच होते, पण काही देशांत देवाच्या उल्लेखामुळे गाणे वाजवले जाणार नाही या भीतीने रेकॉर्ड कंपनीने ते बदलायला लावले. अनेकदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की, या गाण्यात सुरुवातीपासून एक स्वर सतत धरून ठेवलेला आहे. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला तो आधी जाणवतच नाही, इतका तो ओळखीचा वाटतो; जाणवल्यावर मात्र सगळे गाणे त्याच्यावरच उभे असल्याचे दिसते. ‘क्लाउडबस्टिंग’ हे मनोविश्लेषक विल्हेल्म राइख यांच्या मुलाच्या तोंडचे गाणे आहे. वडिलांचे पाऊस पाडण्याचे यंत्र आणि त्यांची अटक या आठवणी त्यात येतात, आणि त्याखाली तंतुवाद्यांचे सहा जणांचे पथक संचलनासारखे ठाम ठेक्यात वाजत राहते. ‘द बिग स्काय’ मला आजही आवडलेले नाही. त्यातला कल्लोळ शेवटी शेवटी नुसता गोंगाट होतो.

या ध्वनीमागचे एक व्यावहारिक कारण लक्षात घेण्यासारखे आहे. आधीचा ‘द ड्रीमिंग’ हा १९८२ चा अल्बम अपेक्षेइतका खपला नव्हता. त्यानंतर बुश यांनी आईवडिलांच्या घराच्या आवारातील कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि निर्मितीची सूत्रे स्वतःच्याच हाती ठेवली. तासाच्या भाड्याचे घड्याळ डोक्यावर नसल्यामुळे फेअरलाइट या संगणकीय वाद्यावर हवा तेवढा वेळ प्रयोग करता आले. त्या काळातील अनेक अल्बमांचे यांत्रिक ढोल आज कानाला शिळे वाटतात, इथे ते तसे वाटत नाहीत, याचे श्रेय मी या सवडीला देतो.

दुसऱ्या बाजूला ‘द नाइन्थ वेव्ह’ असे स्वतंत्र नाव आहे. रात्रीच्या समुद्रात एकटी तरंगणारी एक स्त्री, तिच्या जीवरक्षक जाकिटावरचा छोटा दिवा, आणि जागे राहण्याची धडपड, एवढेच तिचे कथानक. सात तुकड्यांत ती झोपेकडे घसरते, बर्फाखाली स्वतःलाच पाहते, चेटकीण म्हणून तिच्यावर खटला चालतो, आणि नंतर ती अदृश्य होऊन आपल्याच घरात वाट पाहणाऱ्या माणसाजवळ उभी राहते. त्याला ती दिसत नाही. ‘जिग ऑफ लाइफ’मध्ये तिचे म्हातारपणचे रूप येऊन ‘मला जगू दे’ असा हट्ट धरते, तेव्हा आयरिश वादकांची फिडल (व्हायोलिन) आणि पाइप्स (पिशवीतल्या हवेवर वाजणारे वाद्य) अंगावर धावून येतात. ‘हॅलो अर्थ’मध्ये जॉर्जियाच्या एका लोकगीताचे पुरुषी समूहगान अचानक सगळे थांबवते. ती जागा ऐकताना मी अजूनही हातातले काम बाजूला ठेवतो.

फोनवर ऐकताना ‘क्लाउडबस्टिंग’ संपताच पुढचा तुकडा लागतो आणि समुद्र एकदम खोलीत शिरतो. एलपीवर उठून तबकडी पालटावी लागते. तेवढ्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत पहिली पाच गाणी मागे पडतात आणि ‘अँड ड्रीम ऑफ शीप’चा एकटा पियानो रिकाम्या जागेत सुरू होतो. दिवसा, स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या साथीने ही बाजू ऐकण्यात अर्थ नाही. रात्री ऐकताना मात्र एक सावधगिरी हवी: ‘वेकिंग द विच’च्या तुटक, दरडावणाऱ्या आवाजांनी आमच्या आई एकदा खरोखरच जाग्या होऊन बाहेर आल्या होत्या.

आता तक्रारी. मला आलेली पहिली प्रत किंचित वाकलेली होती. विक्रेत्याने ती तीन आठवड्यांनी बदलून दिली. दुसरी अडचण माध्यमाचीच आहे. दुसरी बाजू सुमारे २६ मिनिटांची, म्हणजे पहिलीपेक्षा पाच मिनिटांनी मोठी आहे. तबकडीचा वेग कायम असला, तरी मध्याजवळच्या खाचांत एका फेऱ्याला कमी लांबी मिळते, त्यामुळे तोच ध्वनी तिथे दाटीने बसवावा लागतो. माझ्या साध्या सुईवर ‘हॅलो अर्थ’मधले ‘स’कार त्यामुळे फाटत होते. चांगल्या घडणीची सुई बसवल्यावर ते बरेचसे सुधारले, पूर्ण गेले नाहीत. नाजूक पियानोखाली धुळीची चरचरही लगेच ऐकू येते, म्हणून दर वेळी ब्रश फिरवणे भाग आहे.

जुनी प्रत घेणार असाल, तर दुकानदाराला पहिले प्रसिद्ध गाणे लावायला सांगू नका. दुसऱ्या बाजूची शेवटची नऊ मिनिटे, म्हणजे ‘हॅलो अर्थ’ आणि ‘द मॉर्निंग फॉग’, तिथेच ऐकून घ्या. ती स्वच्छ वाजली, तर पैसे द्या.