दोन हातांत दोन शस्त्रं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळांत दोन्ही हातांत शस्त्रं धरणारं, म्हणजे जोडशस्त्राचं, कॅरेक्टर बनवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी मोठ्या फाशाची दोन शस्त्रं शोधायला लागतात. आठ महिने निरनिराळ्या खेळांत जोड्या अदलून-बदलून वापरल्यावरचं मत उलटं आहे: फासा सगळ्यात शेवटी बघायचा. वाराची इजा, म्हणजे डॅमेज, फासा टाकून ठरते. चार बाजूंच्या फाशाची (डी४) सरासरी २.५, सहा बाजूंच्या डी६ ची ३.५. फरक एका अंकाचा. त्या एका अंकापायी अख्खी बोनस ॲक्शन (टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, एकदाच करता येणारी जादा कृती), एखादी फीट (मोजक्याच निवडता येणाऱ्या खास क्षमतांपैकी एक) किंवा निम्मा खजिना घालवणारी माणसं प्रत्येक टेबलावर भेटतात. आधी बघायचं ते एवढंच, की डाव्या हातातला वार आपल्याकडून काय वसूल करतोय. हा हिशोब प्रत्येक खेळात वेगळा असतो, म्हणून एका खेळातली लाडकी जोडी दुसऱ्यात हमखास तोंडावर आपटते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची, म्हणजे पाचवी आवृत्ती अजून खूप टेबलांवर चालते, तेव्हा तिच्यापासून सुरुवात. नियम सोपा: दोन्ही शस्त्रं ‘लाइट’ हवीत, दुसरा वार बोनस ॲक्शनने होतो आणि त्याच्या डॅमेजमध्ये तुमचा मॉडिफायर (ताकद किंवा चपळाईमुळे मिळणारी बेरीज) धरला जात नाही. तो हवा असेल तर टू-वेपन फायटिंग ही लढण्याची स्टाइल घ्यावी लागते. ही स्टाइल घेतलेल्या फायटरची तुलना दोन्ही हातांनी एकच ग्रेटस्वोर्ड धरणाऱ्याशी करून बघा. सगळे वार लागले असं धरू आणि ग्रेटस्वोर्डवाल्याला त्याची स्टाइल देऊ नका. पहिल्या लेव्हलला +३ मॉडिफायरवर जोडीचं डॅमेज १३, ग्रेटस्वोर्डचं १०. पाचव्या लेव्हलला +४ वर २२.५ आणि २२. अकराव्या लेव्हलला +५ वर ३४ आणि ३६. कारण उघड आहे: उजव्या हाताचे वार वाढत जातात, डाव्याचा मात्र शेवटपर्यंत एकच राहतो. छोटी मोहीम असेल तर जोडी घ्या, मजा येते. लांबलचक मोहिमेत मधल्या टप्प्यावर ती थकते, आणि ते टेबलावर बसल्या बसल्या जाणवतं.

त्याच आवृत्तीतली ड्युअल विल्डर फीट घेऊन दोन रेपियर धरणं हा बहुतेकांचा पहिला मोह. डी६ चे डी८ झाले, म्हणजे प्रत्येक वाराला सरासरी एक डॅमेज जास्त, वर एसी (बचावाचा आकडा, तो गाठल्याशिवाय वार लागत नाही) +१. पण तीच फीट सोडून डेक्स्टेरिटी (चपळाई) दोनने वाढवली तर वार लागण्याची शक्यता, डॅमेज, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) आणि हलक्या चिलखतात एसी, सगळंच एकेकाने चढतं. डेक्स्टेरिटी २० होईपर्यंत ही फीट मागे ठेवावी.

रेंजर या क्लासचं दुखणं वेगळं. हंटर्स मार्क (एका शत्रूवर खूण करून त्याला जादा डॅमेज देणारा मंत्र) टाकायला बोनस ॲक्शन, तो दुसऱ्या शत्रूवर हलवायलाही बोनस ॲक्शन, आणि डावा वार तोही बोनस ॲक्शनच. लहान लहान शत्रू भराभर मरत असतील तर डावा हात अख्खी लढाई नुसता शस्त्र धरून उभा. जोडी आणि हंटर्स मार्क एकत्र शोभतात ते एकाच दांडग्या शत्रूसमोर.

रोग (Rogue, चोरपावलांनी लढणारा क्लास) याला मात्र जोडी खरंच लाभते. स्नीक अटॅक (रोगचं मोठं जादा डॅमेज) टर्नमध्ये एकदाच होतो, म्हणजे डाव्या हाताचं डॅमेज दुय्यम. खरी कमाई दुसऱ्या संधीची. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल तर दोनपैकी एक तरी लागण्याची ८७.७५ टक्के होते. इथे क्रम पाळा: आधी उजवा वार. लागला तर बोनस ॲक्शन डाव्या हातावर उधळू नका, डिसएंगेज करून (हटताना वार न खाता) मागे सरका. हुकला तरच डावा हात. हे ज्यांना जमत नाही त्यांचा रोग दर टर्नला जिंकतो आणि दर लढाईत पडतो.

२०२४ च्या सुधारित आवृत्तीने चित्र पालटलं ते ‘निक’ या वेपन मास्टरीने (शस्त्राच्या खास गुणाने). लाइट शस्त्राचा जादाचा वार निकमुळे अटॅक ॲक्शनमध्येच होऊन जातो, टर्नला एकदा, आणि बोनस ॲक्शन मोकळी राहते. निक असलेली शस्त्रं चारच: डॅगर, लाइट हॅमर, सिकल आणि सिमिटर. उजव्या हाताला ‘वेक्स’ असलेलं शस्त्र द्या, म्हणजे शॉर्टस्वोर्ड किंवा हँडॲक्स. वेक्सचा वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवरच्या तुमच्या पुढच्या वाराला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) मिळतो. शॉर्टस्वोर्ड आणि सिमिटर ही जोडी डेक्स्टेरिटीवाल्यांनी डोळे मिटून घ्यावी. दोन्ही डी६, दोन्ही फिनेस (डेक्स्टेरिटीने चालवता येणारी).

एक टर्न उलगडून दाखवतो. पाचव्या लेव्हलचा फायटर, +४ मॉडिफायर, टू-वेपन स्टाइल घेतलेली, समोर एसी १५. अटॅक बोनस +७, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की लागला: ६५ टक्के. पहिला शॉर्टस्वोर्डचा वार ६५ टक्क्यांवर. तो लागला तर दुसरा ॲडव्हांटेजने. लागण्याची आणि न लागण्याची दोन्ही गणितं एकत्र केली तर दुसरा वार साधारण ८० टक्क्यांवर जातो. तिसरा सिमिटरचा, निकने, ८३ टक्क्यांच्या आसपास. तीन वारांत सरासरी २.२८ लागतात, वेक्स नसता तर १.९५. प्रत्येक वाराचं डॅमेज ७.५ धरलं तर १७.१ विरुद्ध १४.६, क्रिट (फाशावर २० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून.

आता क्रमावरून वाद घालणारे म्हणतात, सिमिटर मध्ये घ्या, म्हणजे शेवटच्या शॉर्टस्वोर्डचा वेक्स पुढच्या टर्नला मिळेल. मिळतो, खोटं नाही. पण गणित मांडलं तर चालू लढाईत दोन्ही क्रमांची बेरीज अगदी सारखी येते, कारण सिमिटरला वेक्स नाही आणि कुठेतरी एक वार ॲडव्हांटेजविना जाणारच. फरक पडतो तो पहिल्या टर्नला, तिथे सिमिटर शेवटी ठेवणारा पुढे असतो. शिवाय दोन टर्नच्या मध्ये तो शत्रू सोबत्यांनी मारला तर साठवलेला वेक्स वाया. म्हणून सिमिटर शेवटी.

बार्बेरियनसाठी हँडॲक्स आणि लाइट हॅमर ही जोडी उगाच नाकारली जाते. हॅमरचा फासा डी४ म्हणून लोक नाक मुरडतात. पण रेजचं (बार्बेरियनच्या संतापाचं) +२ प्रत्येक वाराला वेगळं धरलं जातं, निकमुळे रेज सुरू करायला बोनस ॲक्शन शिल्लक राहते, दोन्ही शस्त्रं फेकता येतात आणि सांगाड्यांसमोर हॅमरचं ब्लजनिंग (ठेचणारं) डॅमेज दुप्पट बसतं. फेकायची गरज कमी पडत असेल तर सिमिटर घ्या. फिनेस शस्त्र स्ट्रेंग्थनेही चालवता येतं, त्यामुळे रेजचा बोनस बुडत नाही. डेक्स्टेरिटीने मारलं तर बुडतो. ही चूक वारंवार होते.

या आवृत्तीत ड्युअल विल्डर फीटने एसीचा +१ गमावला आणि बोनस ॲक्शनने आणखी एक वार मिळवला. निकवाल्याला तो चौथा वार. बोनस ॲक्शन रिकामी पडत असेल तर उत्तम. रोग, मंक किंवा हंटर्स मार्कवाल्याने आधी दोनदा विचार करावा.

बाल्डर्स गेट ३ हा २०२३ चा व्हिडिओ गेम २०१४ च्या नियमांवर उभा आहे, त्यामुळे निक-वेक्स विसरा. इथे डाव्या हाताची खरी किंमत शस्त्राच्या अंगच्या गुणात. एखादं शस्त्र नुसतं हातात असल्याने काही देत असेल तर ते डाव्या हातात ठेवा आणि त्याने वार करायची चिंता सोडा. रोगच्या थीफ सबक्लासला तिसऱ्या लेव्हलला जादा बोनस ॲक्शन मिळते, म्हणजे डाव्या हाताचे दोन वार. दोन हँड क्रॉसबोवाल्यांची गर्दी तिथे का होते ते यावरून कळेल. मात्र डाव्या वारात मॉडिफायर येण्यासाठी टू-वेपन स्टाइल लागतेच, आणि ती रोगकडे नसते. फायटर किंवा रेंजरसारख्या, ही स्टाइल मिळणाऱ्या क्लासची लेव्हल मिसळल्याशिवाय हा बिल्ड अर्धवट राहतो.

आता जुना पाथफाइंडर, टेबलावरचाच दुसरा खेळ, म्हणजे त्याची पहिली आवृत्ती. इथे पाचव्या आवृत्तीतून आलेला माणूस पहिल्याच दिवशी फसतो, कारण इथे सिमिटर लाइट नाही. टू-वेपन फायटिंग फीट असून डाव्या हातात सिमिटर धरली तर दोन्ही हातांच्या वाराच्या फाशातून -४. लाइट शस्त्र धरलं तर -२. फीटच नसेल तर लाइट शस्त्रासह -४ आणि -८, त्यापेक्षा एकच शस्त्र बरं. मग धरायचं काय? दोन कुकरी. फासा डी४, पण क्रिट १८ ते २० वर, इम्प्रूव्ह्ड क्रिटिकल घेतल्यावर १५ ते २०. दोन्ही हातांत एकच शस्त्रप्रकार ठेवण्याचं कारण फीट: वेपन फोकस आणि इम्प्रूव्ह्ड क्रिटिकल एकाच प्रकारच्या शस्त्राला लागू होतात. वेगवेगळी जोडी दिसायला देखणी, पण प्रत्येक फीट अर्ध्यावर येते.

पैशाचं दुखणंही इथेच सगळ्यात जास्त. जादुई बोनसची किंमत बोनसचा वर्ग गुणिले २,००० सोनं. एक +३ शस्त्र १८,००० ला, दोन +२ शस्त्रं १६,००० ला, दोन +३ घ्यायची तर ३६,०००. म्हणजे जोडीवाला तेवढ्याच खजिन्यात कायम एक पायरी खाली. त्यात डॅमेज रिडक्शन (डीआर, शत्रूची डॅमेज कमी करणारी क्षमता) प्रत्येक वारातून वेगळं वजा होतं. डाव्या कुकरीचं सरासरी २.५, निम्म्या स्ट्रेंग्थचे २, जादूचे २: एकूण ६.५. समोर डीआर ५ असेल तर हाती उरतं १.५. आणि सगळे वार हवे असतील तर फुल अटॅक (अख्खी पाळी वारांवर घालवणं) लागतो. पाच फुटांहून जास्त सरकलात की एकच वार. हे तिन्ही नीट कळून जोडी घेतली तर ती आवडते, नाहीतर तिसऱ्या सत्रात कॅरेक्टर बदलायची भाषा सुरू होते.

दुसऱ्या पाथफाइंडरने यातल्या दोन गोष्टी छान सोडवल्या. डबल स्लाइस या फायटरच्या फीटमध्ये दोन ॲक्शनमध्ये दोन वार, दोन्ही एकाच पेनल्टीवर, आणि रेझिस्टन्ससाठी (शत्रू डॅमेज कमी करतो त्यासाठी) दोन्हींचं डॅमेज एकत्र धरलं जातं. अट एक: दुसरा वार ‘अजाइल’ (चपळ) शस्त्राचा नसेल तर त्याला -२. म्हणून उजवीकडे लाँगस्वोर्डसारखं जड, डावीकडे शॉर्टस्वोर्डसारखं अजाइल, आणि वारांचा क्रमही तोच. डबलिंग रिंग्ज ५० सोन्यात मिळतात. सोन्याच्या अंगठीच्या हातातल्या शस्त्राचे मूलभूत रून्स (बोनस देणारी जादूची कोरीव चिन्हं) लोखंडी अंगठीच्या हातातल्या शस्त्रावर उतरतात. जोडीवाल्याने हीच खरेदी सगळ्यात आधी करावी. फक्त एक खाच आहे: दोन्ही शस्त्रं हातात असेपर्यंतच हे चालतं. डाव्या हातातली हॅचेट फेकली की हात सुटताक्षणी रून्स गेले. फेकायचं शस्त्र हवं असेल तर त्याच्यावर स्वतःचे रून्स घाला.

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये फासे नाहीत, पण हिशोब तोच. दोन्ही हातांत एकाच वर्गातली शस्त्रं असली तरच कंट्रोलरच्या एल१ बटणावर जोडवार होतो. सामुराई क्लासला उचिगाताना ही कटाना तलवार सुरुवातीलाच मिळते, दुसरी डेथटच्ड कॅटाकूम्ब्समध्ये आहे, त्यामुळे जोडी पहिल्या काही तासांतच उभी राहते. त्यात एक नागाकिबा केली तर पल्ला वाढतो, पण तिला डेक्स्टेरिटी २२ आणि स्ट्रेंग्थ १८ लागते आणि दोघींचं मिळून वजन १२.५ होतं. इक्विप लोड (अंगावरचं वजन) ७० टक्क्यांवर गेला की रोल, म्हणजे कोलांटी, जड होतो, आणि जोडी धरल्यावर एल१ चा बचाव गेलेला असल्याने रोल हाच तुमचा बचाव. चिलखत उतरवा, तलवार नको. एक शस्त्र दोन्ही हातांनी धरल्यावर मिळणारी दीडपट स्ट्रेंग्थही जोडीला मिळत नाही.

स्मिथिंग स्टोन हे इथलं सोनं. साध्या शस्त्राला +२४ पर्यंत ९६ दगड, +२५ साठी एक एन्शंट ड्रॅगन स्मिथिंग स्टोन. जोडीला सगळं दुप्पट. दगड कमी असताना एक तलवार पुढे आणि दुसरी चार पायऱ्या मागे ठेवणं हा दिसायला शहाणपणा, पण जोडवारात दोन्ही लागतात, त्यामुळे मागची तलवार प्रत्येक फटक्यात जाणवते. दोन्ही बरोबरीने चढवा. स्टेटसच्या (साठत जाऊन होणाऱ्या जादा परिणामाच्या) बाबतीत दोन्हींवर ब्लड अफिनिटी (शस्त्राला दिलेला खास गुण) घातली तर ब्लीडचा, म्हणजे रक्तस्रावाचा, बार झपाट्याने भरतो. एकीवर ब्लड, दुसरीवर कोल्ड घालणं चालतं, फक्त दोन्ही बार सावकाश भरतात. ब्लीड न होणाऱ्या शत्रूंसमोर मात्र तीच जोडी कामाला येते.

स्कायरिम या व्हिडिओ गेमबद्दल थोडक्यात: दोन शस्त्रं धरली की ब्लॉक गेला, त्यामुळे ड्युअल सॅव्हेजरी या कौशल्याचा ५० टक्क्यांचा बोनस पॉवर अटॅकला मिळेपर्यंत मार खायची तयारी ठेवा. एलिमेंटल फ्युरीचा शाउट (मंत्राची आरोळी) वापरायचा बेत असेल तर दोन्ही शस्त्रं विनाजादूची हवीत. मंतरलेल्या तलवारीवर तो चालत नाही, आणि हे कळेपर्यंत लोकांनी दोन्ही तलवारी मंतरून ठेवलेल्या असतात.

सगळ्या टेबलांवर सारखी येणारी अडचण म्हणजे रिकामा हात. दोन्ही हात भरलेले असताना दार उघडणं, औषधाची बाटली पिणं, हाताची खूण लागणारा मंत्र टाकणं, सगळंच अडतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शस्त्र टाकून द्यायला काही खर्च नाही, पण उचलायला आहे. म्हणून डाव्या हातात स्वस्त डॅगर ठेवणाऱ्यांचं कौतुक वाटतं, टाकताना जीव तुटत नाही. मंत्र टाकणाऱ्या रेंजरने वॉर कास्टर फीट घेतल्याशिवाय जोडीचा हट्ट धरू नये. आणि पट्ट्यात तिसरं शस्त्र कायम असू द्या, पहिल्या दोघांहून वेगळ्या प्रकारच्या डॅमेजचं: दोन तलवारी असतील तर हॅमर, दोन हॅमर असतील तर डॅगर.