एक संध्याकाळ, एक मूकपट : चॅप्लिन लावायचा की कीटन?

गणपतीत सोसायटीच्या मांडवात पडदा लावून मुलांना आणि आजी-आजोबांना एखादा जुना मूकपट दाखवायचा आहे, कोणता लावू, असं दरवर्षी कुणीतरी मला विचारतं. विचारणाऱ्याच्या मनात चार्ली चॅप्लिन पक्का असतो, फक्त त्याचा कोणता सिनेमा एवढंच ठरायचं असतं. मी मात्र त्याच काळातल्या बस्टर कीटन या विनोदी नटाचं नाव पुढे करते. चॅप्लिन मला लहानपणापासून प्रिय आहे, त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण अशा मिश्र प्रेक्षकांसाठी, अशा एका संध्याकाळसाठी निवड करायची असेल, तर दोघांना शेजारी शेजारी उभं करून बघायला हवं.

सगळ्यात आधी पाट्यांचं बोलू, कारण मांडवात खरी अडचण तिथेच येते. मूकपटात संवाद मधल्या पाट्यांवर लिहिलेले असतात आणि या पाट्या इंग्रजीत असतात. दुसरीतल्या मुलाला त्या वाचता येत नाहीत, अनेक आज्यांनाही नाही. कुणीतरी मोठ्याने मराठीत सांगावं लागतं आणि पाट्या जितक्या जास्त, तितकी हसण्यात खीळ बसते. कीटनने एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्या काळच्या साधारण सिनेमात २४० पाट्या असत आणि त्याने स्वतः वापरलेल्या जास्तीत जास्त पाट्या होत्या ५६. चॅप्लिनही पाट्यांच्या बाबतीत उधळा नव्हता. पण गोष्ट हातापायांनी सांगायची आणि शब्द अगदीच अडलं तर वापरायचा, हा हट्ट कीटनचा जास्त.

दोघांचा विनोद वेगळा का, हे त्यांच्या बालपणात दिसतं. दोघंही रंगमंचावरची मुलं. चॅप्लिन १८८९ साली लंडनमध्ये जन्मला. आई गाणारी, वडीलही गायक. पुढे आईचा आवाज गेला, मग तिचं मन:स्वास्थ्यही गेलं. सात वर्षांचा चार्ली निराधारांसाठीच्या सरकारी आश्रमात जाऊन पडला. ती भूक त्याच्या सिनेमांतून कधीच गेली नाही. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये तो बर्फात अडकून स्वतःचा बूट शिजवून खातो. लेस शेवयांसारखी गुंडाळतो, खिळे हाडं चोखावीत तसे चोखतो. (चित्रणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता.) आपण हसतो, पण उपाशी राहिलेल्या माणसाचं ते जेवण आहे, हे आपल्याला कळलेलं असतं.

कीटन १८९५ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या लहानशा गावात जन्मला. आईवडील फिरतीवर खेळ करणारे. पोरगं चालायला लागल्यावर लवकरच खेळात आलं आणि ‘द थ्री कीटन्स’ नावाने तिघांचा कार्यक्रम गाजू लागला. त्यात वडील मुलाला उचलून रंगमंचावर इकडून तिकडे फेकत. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर पेटीची मूठ शिवलेली असे. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेने यावर वारंवार हरकत घेतली. आज वाचताना आपल्यालाही ते खटकतं आणि खटकायलाच हवं. पण तिथेच त्या मुलाला दोन गोष्टी कळल्या. एक, कसं पडायचं म्हणजे लागत नाही. दुसरी, पडल्यावर आपण स्वतः हसलो तर प्रेक्षक हसत नाहीत आणि चेहरा निर्विकार ठेवला तर पोट धरून हसतात. त्याचा प्रसिद्ध ‘दगडी चेहरा’ असा आला. अर्थात दगडी म्हणणं मला पटत नाही. डोळे बघा. त्या डोळ्यांत सतत विचार चालू असतो : भिंत इथे, दार तिथे, वारा असा, मग मी कुठे उभा राहू?

तर चॅप्लिनच्या विनोदात भाकरी आणि माणसं आहेत. कीटनच्या विनोदात वजन, वेग, अंतर आणि यंत्रं आहेत. मांडवातल्या मुलांना दुसरं पटकन कळतं, कारण तीही दिवसभर पडणं, चढणं आणि लटकणं यातच असतात.

आता त्यांच्या कामाच्या पद्धती बघा. ‘सिटी लाइट्स’मध्ये आंधळी फुलवाली एका भणंग भटक्याला, म्हणजे चॅप्लिनला, श्रीमंत समजते. ती असं का समजेल, या एका प्रश्नावर चॅप्लिन झुरत राहिला आणि तो प्रसंग ३४२ वेळा चित्रित केल्याचं नोंदलेलं आहे. शेवटी उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. वाहनांच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी भटक्या एका आलिशान मोटारीतून आरपार येतो, दार धाडकन लागतं आणि तिला वाटतं मोटारीतून साहेब उतरले. आवाज नसलेल्या सिनेमात सगळी गोष्ट एका आवाजावर उभी केली आहे. दर वेळी बघताना मी इथे थक्क होते.

कीटन वेगळ्या वाटेने जायचा. लिखित पटकथा जवळजवळ नसेच. सुरुवात आणि शेवट हाती आला की मधलं आपोआप जमतं, अशी त्याची धारणा. १९२५ च्या ‘सेव्हन चान्सेस’च्या चित्रीकरणात डोंगरउतारावर त्याच्या पायाने चुकून दोन-तीन दगड घरंगळले आणि प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात प्रेक्षक तिथेच अचानक हसले. त्याने तो धागा पकडला, कागदाच्या लगद्याचे आणि जाळीचे शेकडो दगड बनवून घेतले, काही तर माणसाहूनही मोठे, आणि शिळांच्या लोंढ्यापुढे पळण्याचा लांबलचक पाठलाग नव्याने चित्रित केला. हजरजबाबीपणा म्हणतात तो हाच, फक्त शब्दांऐवजी पायांचा. (हा सिनेमा मात्र मुलांसमोर लावू नका. त्यात कृष्णवर्णीयांची टिंगल आहे, गोऱ्या नटाने तोंड काळं करून केलेली भूमिका आहे. जाणत्यांनी बघावा आणि त्याबद्दल बोलावं.)

आणि ती भिंत. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माडीवरच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो सहीसलामत उरतो. भिंत खरी, जड. हलकी केली असती तर पंख्यांच्या वाऱ्याने वळली असती. खांद्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा काही इंचांची. चित्रीकरणाच्या जागेवरच्या काही जणांना ते बघवलं नाही. कीटन उभा राहिला, कारण मोजमाप त्याने स्वतः केलं होतं.

‘शेरलॉक ज्युनियर’ १९२४ चा. सिनेमागृहात यंत्र चालवणारा तरुण झोपतो आणि स्वप्नात थेट पडद्यात शिरतो. तो बाकावर बसायला जातो तोवर बाकाच्या जागी रस्ता येतो, चालायला लागतो तोवर कडा येतो. हे जुळवताना कॅमेऱ्यापासूनचं अंतर मोजणीदार वापरतात तसल्या उपकरणांनी मोजलं होतं. याच सिनेमात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली लटकताना पाण्याचा लोट अंगावर येऊन तो रुळावर आपटला. डोकं दुखत राहिलं, काम चालू राहिलं. मानेचं हाड तेव्हा मोडलं होतं, हे बऱ्याच वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळलं.

इथून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कीटन कॅमेऱ्यापासून लांब उभा राहतो. प्रसंग खरा घडला हे दिसावं म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत सगळं एका चौकटीत हवं असतं. त्यामुळे मोबाइलवर तो मुंगीएवढा होतो आणि गंमत जाते. चॅप्लिन योग्य क्षणी कॅमेरा जवळ आणतो. ‘सिटी लाइट्स’च्या शेवटी त्याचा चेहरा बघा, फूल तोंडाजवळ धरलेलं. तो लहान पडद्यावरही काळजात उतरतो. म्हणून रात्री एकट्याने फोनवर बघणार असाल तर चॅप्लिन. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर शंभर जणांत बघणार असाल तर कीटन.

लहान मुलं असतील तर आणखी एक विचार करा. १९२१ च्या ‘द किड’मध्ये अनाथालयाचे लोक पोराला भटक्यापासून ओढून नेतात तो प्रसंग फार खरा आहे. आमच्या मांडवात एक चार वर्षांची मुलगी त्यानंतर आईला सोडेना. सिनेमा उत्तम आहे, पण आई-बाबा शेजारी बसलेले हवेत. कीटन रडवत नाही, तो कधी दया मागतच नाही. त्याचा सगळ्यात नावाजलेला ‘द जनरल’ (१९२६) खऱ्या आगगाडीवर, खरा पूल पाडून केलेला आहे. पण त्यातला नायक अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूचा आहे. मोठ्या मुलांना ते आधी सांगा. पहिल्याच संध्याकाळी मी तो लावणार नाही.

दोघांची पुढची आयुष्यं मात्र समोरासमोर ठेवली की मन खिन्न होतं. चॅप्लिनने १९१९ मध्ये तिघा सहकाऱ्यांबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रपट कंपनी उभी केली. स्टुडिओ त्याचा, सिनेमे त्याचे. म्हणून १९३१ मध्ये, सगळीकडे बोलपट सुरू असताना, तो ‘सिटी लाइट्स’ संवादांशिवाय काढू शकला. कीटनच्या सिनेमांचे हक्क निर्मात्याकडे होते. १९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या स्टुडिओत गेला आणि कुठे पडायचं हेही दुसरे ठरवू लागले. दारू, घटस्फोट, मुलांची आडनावंसुद्धा बदलली गेली. ज्याने भिंतीखाली उभं राहायची जागा इंचात मोजली, तो पुढे त्याच कंपनीत इतरांसाठी विनोद सुचवण्याच्या नोकरीवर होता. १९४० मध्ये एलिनॉरशी लग्न झालं आणि तो सावरला. १९५२ च्या ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिनने त्याला बोलावलं आणि दोघं म्हातारे एका रंगमंचावर आले, सिनेमात एकदाच. त्याच वर्षी चॅप्लिनला अमेरिकेचे दरवाजे बंद झाले. तो परतला १९७२ मध्ये, ऑस्करचा मानाचा पुरस्कार घ्यायला. कीटन १९६६ मध्ये गेला होता.

त्याच काळातला तिसरा विनोदी नट, हॅरॉल्ड लॉइड, याचंही नाव घ्यायला हवं. १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये घड्याळाच्या काट्याला लटकणारा चष्मेवाला तो हाच. १९१९ मध्ये एका स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, तरी हातमोजा घालून तो चढतो. मांडवात कॉलेजची मुलं जास्त असतील तर तोच लावा.

प्रत निवडताना घाई नको. माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळताना दिसली तर वेग चुकलेला आहे, दुसरी प्रत शोधा. कीटनच्या सिनेमांना प्रत्येक प्रतीत वेगळं संगीत असतं, आधी दहा मिनिटं ऐकून बघा. चॅप्लिनने आपल्या मोठ्या सिनेमांना स्वतःच संगीत दिलं, तिथे ही काळजी कमी. ‘द गोल्ड रश’च्या मात्र दोन आवृत्त्या आहेत : १९२५ ची पाट्यांची आणि १९४२ ची, जिच्यात पाट्यांऐवजी चॅप्लिनच्याच आवाजात इंग्रजी निवेदन आहे. मांडवासाठी पहिली, कारण तिच्यावर तुम्हाला मराठीत बोलता येतं.

माझा बेत असा असेल. आधी कीटनचा ‘वन वीक’ (१९२०), वीस-पंचवीस मिनिटांचा, ज्यात नवविवाहित जोडपं सुट्या भागांचं घर जोडतं आणि कुणीतरी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवलेले असतात. मग ‘शेरलॉक ज्युनियर’, पाऊण तास. आरतीनंतर सुरू केलं तर मुलं वेळेत झोपतील. ‘सिटी लाइट्स’ दुसऱ्या दिवशी, मुलं घरी गेल्यावर, मोठ्यांसाठी. आणि पाट्या वाचायला माणूस आधीच ठरवून ठेवा, खणखणीत आवाजाचं, पण पाटी संपल्यावर गप्प राहता येणारं.